लेकीकडे शेफिल्डला गेलात तर ईम गाव असं बघा

मुलगा नाहीतर मुलगी इंग्लंडात असली की आईवडिलांची एक फेरी ठरलेलीच. कुणाचं बाळंतपण असतं, कुणाचं नवं घर. पहिल्या आठवड्यात लंडन उरकतं, पुलावर उभं राहून फोटो होतात, आणि मग पोरं आपापल्या कामाला लागली की आपण खिडकीपाशी बसून पाऊस बघत राहायचं. आमच्या परळ-लालबागकडच्या कितीतरी बायकांची हीच तक्रार असते. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यामागून नाइलाजाने जाणाऱ्या नवरेमंडळींसाठी हे लिहिते आहे.

तुमचं माणूस शेफिल्ड, मँचेस्टर किंवा डर्बीच्या बाजूला असेल तर एक अख्खा दिवस ईम गावासाठी ठेवा. डर्बीशायरच्या डोंगरात, पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हे गाव आहे. वस्ती हजाराच्या आसपास. शेफिल्डहून बस मिळते. आगगाडीने जायचं तर शेफिल्ड-मँचेस्टर मार्गावरचं ग्रिंडलफर्ड स्टेशन जवळ, पण तिथून पुढे चढाची पायपीट आहे. बसवाल्याला ‘ईम’ म्हणा. स्पेलिंग वाचून ‘एयाम’ म्हणालात तर तो पुन्हा विचारेल. तिथले सगळे लोक चॅट्सवर्थचा राजवाडा बघायला सांगतील. तो बघा, पण दुसऱ्या दिवशी. दोन्ही एका दिवसात कोंबलं की ईम हे चहा प्यायचं ठिकाण होऊन बसतं.

ईम का, तर हे प्लेगचं गाव. १६६५च्या सप्टेंबरात इथे प्लेग शिरला आणि १६६६च्या नोव्हेंबरापर्यंत साधारण २६० माणसं गेली. साथ भरात असताना गावाने स्वतःला कोंडून घेतलं, म्हणजे आजूबाजूच्या गावांना लागण होऊ नये. मी हाफकिनमध्ये तंत्रज्ञ होते. जिथे मी जन्मभर काचेच्या नळ्या धुतल्या, भरल्या आणि मोजल्या, ती संस्थाच मुळात प्लेगपायी उभी राहिलेली. त्यामुळे मला हे गाव माझ्या खात्यातलं वाटतं. तुम्हालाही वाटावं म्हणून एक काम सांगते, ते विमानात बसायच्या आधी मुंबईतच करायचं आहे.

एखादा रविवार धरून डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरा आणि माझगावच्या म्हातारपाखाडीत जा. किंवा चर्नी रोडला उतरून गिरगावात खोताच्या वाडीत. किंवा वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून हिंडा. लाकडी जिने, पुढचे व्हरांडे, कौलं हे सगळं बघालच, पण मी पाठवते आहे ते क्रूस बघायला. गल्लीच्या तोंडाशी, वळणावर, भिंतीच्या कोनाड्यात दगडी क्रूस उभे असतात. वांद्र्यात तर पावलापावलावर. त्यांतले बरेच मुंबईच्या प्लेगच्या वर्षांत लोकांनी उभारलेले. चबुतऱ्यावर साल कोरलेलं असेल तर वाचा. रंगाचे थर बसून अक्षरं बुजलेली असतात; समोरून दिसत नाहीत, मोबाइलची बॅटरी बाजूने तिरपी धरली की उठून दिसतात. ही युक्ती तिकडच्या थडग्यांवर जशीच्या तशी चालते, म्हणून इथे हात बसवून घ्या.

मुंबईचा प्लेग थोडक्यात सांगते. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. लाखो लोक शहर सोडून कोकणात, घाटावर पळाले. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगाचा कायदा आला आणि घराघरांत घुसून तपासण्या सुरू झाल्या. त्यापुढे पुण्यात रँडचं काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. हाफकिन साहेबांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतः बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. पुढे १९०५पासून प्लेग कमिशनने त्याच आवारात उंदीर, पिसू आणि गिनीपिग यांच्यावर प्रयोग करून पिसवांचा दोष पक्का केला. एवढं डोक्यात असलं की ईमला गेल्यावर तुमच्या मनात प्रश्न येतील. नाहीतर नुसतं ‘अरेरे’ म्हणून परत याल.

आता वहीचं. छोटी वही न्या आणि जे बघाल-ऐकाल त्यापुढे तीनांपैकी एक खूण करा. चर्चच्या नोंदवहीत किंवा त्या काळच्या पत्रात असेल तर ‘नोंद’. गावात प्रत्यक्ष उभं असेल तर ‘दगड’. कुणीतरी सांगत आलं म्हणून कळलेलं असेल तर ‘गोष्ट’. प्रयोगशाळेत प्रत्येक नळीवर चिठ्ठी असायलाच लागते, त्या सवयीने मी हे करते, पण ईमला याची खरीच गरज आहे. या गावाचा सविस्तर इतिहास छापून आला तो १८४२मध्ये, म्हणजे घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी. मधल्या काळात गोष्टींना पालवी फुटली. गोष्ट खोटीच असते असं माझं म्हणणं नाही. पण कुठली चीज कुठल्या कप्प्यातली हे कळलं की गाव जास्त नीट दिसतं.

गावात सगळे जण चर्चपासून सुरुवात करतात. तुम्ही उलटं करा: हद्दीपासून सुरू करून आत या, चर्च शेवटी. या गावाची सगळी करणी त्याच्या सीमेवर घडली आहे, मध्यावर नाही.

सीमेचा दगड ईम आणि खालच्या स्टोनी मिडलटन या गावांमधल्या पायवाटेवर आहे. तुमची बस स्टोनी मिडलटनवरून जात असेल तर तिथेच उतरून चढत या. तिथलं अष्टकोनी चर्च जाता जाता बघून होईल. बस थेट ईमला नेत असेल तर लिडगेट नावाच्या रस्त्याने खाली शेतांतून दगडापर्यंत जा आणि परत फिरा. वाट गवताची, पावसात घसरडी. चपला-सँडल नकोत, धरणारे बूट हवेत. मेंढ्यांच्या कुरणांची फाटकं लागतील, जशी सापडली तशी लावून घ्या. गुडघ्यांची कुरकुर असेल तर काठी न्या, तिकडे काठीला कुणी हसत नाही.

दगड लांबून अगदीच किरकोळ दिसतो. गवतात बसलेला बुटका धोंडा. जवळ जाऊन वाका. वरच्या बाजूला सहा खळगे आहेत, बोट घातलं तर बुडेल एवढे. त्या खळग्यांत व्हिनेगर ओतून गावकरी पैसे ठेवायचे, पलीकडचे लोक दगडापाशी धान्य-औषध ठेवून पैसे उचलून न्यायचे. खळग्यांच्या कडा आता हातांनी आणि पावसाने गुळगुळीत झाल्यात. पावसाचं पाणी साचलेलं असतं, त्यात एखादं नाणंही पडलेलं दिसतं, येणारे-जाणारे टाकतात. ते तिथेच राहू द्या. दगड खरा, खळगे खरे, म्हणून ‘दगड’ लिहा. व्हिनेगरची हकिकत ‘गोष्ट’ या कप्प्यातली, पण मला पटणारी. जंतू म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, प्लेगचा जंतू सापडला तो १८९४मध्ये, हाँगकाँगला. तरी नाण्यातून काहीतरी येऊ शकतं हे या लोकांना सुचलं. २०२०च्या मार्चअखेरीला वरळी कोळीवाडा सील झाला, मग आमच्या गल्लीच्या तोंडाशीही बांबू बांधले गेले. दुसऱ्या मजल्यावरून दोरीने पिशवी सोडायची, तिच्यात वाटीत साबणाचं पाणी आणि पाण्यात दूधवाल्याचे पैसे. तेव्हा आम्हाला कुणी ईमची गोष्ट सांगितलेली नव्हती.

दगडापाशी बसून मूळ हकिकत मनाशी जुळवून घ्या, म्हणजे पुढची नावं अंगावर येणार नाहीत.

१६६५ हे लंडनच्या मोठ्या प्लेगचं वर्ष. तिकडून ईमच्या शिंप्याकडे कापडाची पेटी आली. कापड दमट होतं, म्हणून शिंप्याच्या घरी राहणाऱ्या जॉर्ज व्हिकर्स या मदतनिसाने ते शेकोटीपुढे पसरलं. कापडात पिसवा होत्या असं मानतात. ७ सप्टेंबर १६६५ रोजी व्हिकर्सला पुरलं, आणि त्याच महिन्यात त्या घरातला एक मुलगाही गेला. थंडीत साथ मंदावली. पुढच्या उन्हाळ्यात भडकली आणि ऑगस्टात कळस झाला. इथे माझ्यातली हाफकिनवाली जागी होते: मुंबईत उलटं होतं. आपल्याकडे प्लेग थंडीत चढायचा, मार्चच्या सुमाराला शिगेला जायचा आणि कडक उन्हाळ्यात उतरायचा, कारण कोरड्या उष्म्यात पिसू टिकत नाही. ईमचा उन्हाळा म्हणजे आपला जानेवारी, पिसवांची चंगळ. अलीकडचे काही संशोधक तर म्हणतात की एवढ्या झपाट्याने पसरायला उंदीर पुरत नाहीत, माणसांच्या अंगावरच्या पिसवा आणि उवांनी घरातल्या घरात लागण झाली असावी. वाद चालू आहे.

गावचा धर्मगुरू विल्यम माँपेसन, वय अठ्ठावीस, १६६४मध्ये नुकताच बदलून आलेला. लोकांना तो फारसा रुचला नव्हता. त्यांचा जीव होता आधीच्या थॉमस स्टॅन्लीवर, ज्याला चर्चचे नवे नियम मान्य न केल्याने बाजूला व्हावं लागलं होतं. या दोघांचं एकमेकांशी पटण्यासारखं काही नव्हतं, तरी जून १६६६मध्ये दोघे एक झाले आणि गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. ज्याने त्याने आपला मृत आपल्याच बागेत किंवा शेतात पुरायचा. प्रार्थना चर्चमध्ये न करता उघड्यावर, अंतर ठेवून करायची. आणि गावाबाहेर कुणी जायचं नाही. चॅट्सवर्थच्या अर्लने अन्नधान्य पाठवायचं कबूल केलं. नवा माणूस एकटा बोलला असता तर गावाने ऐकलं असतं असं मला वाटत नाही. आपल्याकडे सोसायटीच्या सभेतसुद्धा माजी सेक्रेटरीने मान डोलावल्याशिवाय ठराव होत नाही.

ऐपत असलेली काही कुटुंबं आधीच निघून गेली होती, आणि माँपेसननेही आपली दोन मुलं आधीच बाहेर पाठवली होती. हेही वहीत लिहा. गावाची एकूण वस्ती किती होती यावर इतिहासकारांचं जमत नाही, कुणी साडेतीनशे धरतं, कुणी सातशे-आठशे. म्हणून ‘पाऊण गाव मेलं’ असं कुणी छातीठोक सांगू लागलं तर नुसती मान हलवा आणि पुढे चला.

लिडगेटने वर आलात की रस्त्यालगत एका भिंतीआड डार्बी बाप-लेकीची दोन थडगी दिसतील. घराशेजारी पुरण्याचा नियम इथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतो. तिथून गावात शिरा, पण न थांबता पूर्वेकडे ग्रिंडलफर्डच्या दिशेने जाऊन रायलीची थडगी बघून या. अर्धा-पाऊण मैल, चढ आहे. पाय साथ देत नसतील तर बाकी काहीही गाळा, हे मात्र गाळू नका.

उघड्या माळावर वर्तुळाकार दगडी कुंपण आणि आत हँकॉक कुटुंबाची थडगी. एलिझाबेथ हँकॉक या बाईने १६६६च्या ऑगस्टात आठ दिवसांच्या आत नवरा आणि सहा मुलं पुरली, एकटीने. खड्डे तिने खणले, प्रेतं तिने ओढत नेली. समोरच्या टेकडीवरून स्टोनी मिडलटनचे लोक बघत होते आणि जवळ कुणी आलं नाही, असं सांगतात. बघ्यांचा भाग ‘गोष्ट’, मृत्यूंच्या तारखा ‘नोंद’, समोरचे दगड ‘दगड’. तिन्ही खुणा एकाच जागी कराव्या लागतात अशी ही जागा. एलिझाबेथ स्वतः वाचली आणि शेफिल्डला उरलेल्या मुलाकडे गेली. फाटकाबाहेर उभं राहून तिने कुठून कुठे ओढलं असेल याचा अंदाज घ्या, शेतघर किती लांब, उतार कुठल्या बाजूला. तारखा क्रमाने वाचा. मी तिथे फोटो काढत नाही, तुम्ही तुमचं ठरवा.

परत गावात या. मुख्य रस्त्यावर चर्चच्या बाजूला एका ओळीत दगडी घरं आहेत, त्यांना प्लेग कॉटेज म्हणतात. शिंप्याचं घर यातलंच. प्रत्येक घरापुढे पाटी, तिच्यावर त्या घरातून कोण कोण गेलं त्यांची नावं. मेरी हॅडफिल्ड ही शिंप्याची बायको वाचली, पण तिची तेरा नातलग माणसं गेली. पाट्या वाचताना फुटपाथवर उभ्या राहा; घरांत माणसं राहतात, खिडक्यांना नाक लावू नका. पडदा हलला तर हसून मान तुकवा आणि पुढे व्हा.

इथेच गावातल्या बाकीच्या गोष्टी आठवून घ्या, कारण त्या कुठल्या दगडाला बांधलेल्या नाहीत. मार्गारेट ब्लॅकवेल नावाची मुलगी तापात पार गेली होती. भाऊ बाहेर गेला असताना तहानेने उठली आणि दूध समजून डुकराच्या चरबीचं गरम भांडं तोंडाला लावलं. ती बरी झाली. मार्शल हाव हा दांडगा माणूस प्लेगमधून उठला, आता आपल्याला काही होत नाही म्हणून इतरांची प्रेतं पुरायला लागला आणि मजुरी म्हणून घरातल्या वस्तू उचलायचा. त्याचीच बायको आणि मुलगा पुढे गेले. एकदा अन्विन नावाच्या माणसाला मेला समजून उचलून नेताना तो अन्विनच खांद्यावरून बोलला, मला काहीतरी गरम प्यायला द्या! नंतर कितीतरी वर्षं गावातल्या आया मुलांना हावच्या नावाने भीती घालायच्या. ही मंडळी मला संतांपेक्षा जवळची वाटतात. चाळीत असा एखादा हाव असतोच.

हल्लीच्या एका संशोधनाबद्दलही तिथे ऐकाल. वाचलेल्यांच्या वंशजांच्या रक्तात सीसीआर-५ नावाच्या जनुकातला बदल शोधला गेला, तो एचआयव्हीपासून संरक्षण देतो म्हणून प्लेगपासूनही देत असेल अशी कल्पना. टीव्हीवर ती गाजली. प्लेगशी तिचं नातं पुढे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा पांढरा कोट घातलेली असली तरी तूर्तास तिलाही ‘गोष्ट’च म्हणा.

खऱ्या-खोट्याचा मेळ घालायचा सराव कुठे करायचा असेल तर ककलेट डेल्फला. गावाच्या खालच्या अंगाला ही चुनखडीची दरी आहे, कड्यात कमानीसारखी गुहा. उघड्यावरची प्रार्थना इथे व्हायची, माँपेसन खडकावर उभा आणि लोक कुटुंबाकुटुंबाने लांब लांब. जमीन खासगी, वाट बंद असेल तर वरूनच बघा. इथली प्रेमकथा गाव मोठ्या हौसेने सांगतं: ईमची एमट सिडल आणि स्टोनी मिडलटनचा रोलंड टॉर दरीच्या दोन अंगांना उभे राहून नुसते एकमेकांना बघायचे. एके दिवशी ती आली नाही. गाव खुलं झाल्यावर तो पहिल्यांदा आत शिरलेल्यांपैकी एक, आणि तेव्हा त्याला कळलं. आता वहीत तारखा ताडून बघा. एमट गेली एप्रिल १६६६च्या अखेरीस. नाकेबंदी ठरली जूनमध्ये. म्हणजे ही दोघं भेटायची थांबली ती कुणाच्या हुकमाने नाही, आपापल्या घरच्यांच्या धाकाने किंवा स्वतःच्या भीतीने. गोष्ट याने मोडत नाही, उलट मला ती जास्त खरी वाटायला लागली. रोज संध्याकाळी येऊन उभं राहायला ज्यांना कुणी भाग पाडलेलं नाही, अशी ती दोन पोरं.

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्याकडे, माँपेसनची विहीर आहे. विहीर म्हणजे झऱ्यावर बांधलेलं छोटं कुंड, दगडाने झाकलेलं. सीमेच्या दगडाप्रमाणेच ही देवघेवीची जागा. चढ दमवणारा आहे आणि बघायला फार काही नाही. गाडी असेल तर थांबा, पायी असाल तर सोडून द्या.

जेवण बरोबर न्या. गावात चहा-केक-सँडविच मिळतं, पण आपल्याला दुपारी दोनला जे लागतं ते नाही. धपाटे आणि लसणीची चटणी घेऊन हिरवळीवर बसा. तिथेच जुना खोडा दिसेल, गुन्हेगारांचे पाय अडकवायचा. समोरचा दगडी वाडा ईम हॉल, १६७२चा, म्हणजे प्लेग संपून सहाच वर्षांनी राइट कुटुंबाने बांधलेला. इतक्या लगेच एवढा वाडा बांधायला पैसा आणि गवंडी कुठून आले, हा प्रश्न धपाटे खाताना विचारायला चांगला आहे. आजूबाजूच्या डोंगरात शिशाच्या खाणी होत्या, उत्तराची एक वाट तिकडे जाते.

म्युझियम हॉकहिल रोडवर, जुन्या मेथडिस्ट चर्चच्या इमारतीत, १९९४पासून. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा उंदीर आहे, तो बघायला विसरू नका. आत प्लेगची सगळी हकिकत तक्त्यांनी आणि पुतळ्यांनी मांडली आहे. हे जेवणानंतर बघा, म्हणजे तुमच्या वहीतल्या खुणा तिथल्या तक्त्यांशी ताडून बघता येतील. थंडीत बंद असतं आणि आठवड्याची सुट्टीही असते, मुलीला आधी नेटवर बघून ठेवायला सांगा. स्वच्छतागृह समोरच्या पार्किंगपाशी आहे. बायकांनो, ही ओळ अधोरेखित करा.

आता चर्च, सेंट लॉरेन्सचं. आत माँपेसनची म्हणून सांगितली जाणारी लाकडी खुर्ची, मृतांची यादी, आणि १९८५ची रंगीत काचेची खिडकी, जिच्यात तुम्ही दिवसभर बघितलेली माणसं एका जागी भेटतात. म्हणूनच चर्च शेवटी. सकाळी ही खिडकी नुसती छान काच असते. बाहेर दक्षिणेच्या भिंतीवर १७७५चं सूर्यघड्याळ, त्याच्यावर जगातल्या लांबलांबच्या ठिकाणांची नावं आहेत, मान वर करून वाचा. अंगणात आठव्या शतकातला सॅक्सन क्रूस. प्लेगच्या वेळीही तो नऊशे वर्षांचा होता, तेव्हा त्याला प्लेगचा क्रूस समजू नका. म्हातारपाखाडी बघून आलेलीला ही चूक सहज होईल. दांड्याचा वरचा तुकडा गायब आहे. १८व्या शतकात तो अंगणात आडवा पडलेला होता, तुरुंग सुधारणारे जॉन हॉवर्ड यांनी त्याच्याकडे लक्ष वेधलं असं म्हणतात.

क्रूसाजवळ कॅथरीन माँपेसनची कबर. नवऱ्याने मुलांबरोबर जा म्हटलं असताना ती थांबली. आजाऱ्यांची शुश्रूषा करत राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ रोजी गेली. तिच्या मृत्यूनंतर माँपेसनने लिहिलेली पत्रं उरली आहेत, एक मुलांना लिहिलेलं. ही ‘नोंद’, आणि या गावातली सगळ्यात जड. तो पुढे दुसऱ्या गावी बदलून गेला तेव्हा तिथले लोक त्याला गावात घ्यायला घाबरले आणि काही काळ त्याला बाहेर झोपडीत राहावं लागलं, असं सांगतात.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी जाणं जमलं तर सोन्याहून पिवळं. त्या दिवशी प्लेग संडे असतो, कॅथरीनच्या कबरीवर फुलं वाहतात आणि डेल्फमध्ये प्रार्थना होते. त्याच सुमाराला विहिरी सजवतात. लाकडी पाटावर ओली माती थापून तिच्यात एकेक पाकळी दाबत चित्र काढायचं. आपली फुलांची रांगोळी उभी करून ठेवल्यासारखी. गर्दी असते, बसला जागा मिळत नाही, पण जा.

नवरा एव्हाना कंटाळून भिंतीला टेकलेला असेल. त्याला चर्चच्या अंगणात हॅरी बॅगशॉचं थडगं शोधायला पाठवा. डर्बीशायरकडून खेळलेला क्रिकेटपटू, नंतर अंपायर, १९२७मध्ये वारला. दगडावर कोरलंय: चेंडू स्टंपांवर आदळतोय, यष्टी उडतायत, आणि वर अंपायरचं बोट. शिवाजी पार्कात जन्म घालवलेल्या माणसाला ते सापडायला वेळ लागत नाही. तो तिथे उभा राहून कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावेल. तोवर तुम्ही परतीच्या बसची वेळ पुन्हा एकदा बघून घ्या. संध्याकाळच्या बस विरळ असतात आणि रविवारी आणखी विरळ.